नाक झिजलेली देवी

मेलबर्नजवळच्या आमच्या टार्निटच्या घरात देव पॅन्ट्रीत राहतात. खाली तांदळाचं पोतं, वर तेलाचे डबे आणि मधल्या फळीवर देव. घर घेतलं तेव्हा मुलगा अवघडून म्हणाला, "आई, देवाला वेगळी खोली नाही गं. आणि हॉलमध्ये उदबत्ती लावलीस की तो वरचा अलार्म बोंबलतो." मी म्हटलं, राहू दे. धान्यात बसले तर उपाशी तरी राहायचे नाहीत.

रोज सकाळी मी देव ताम्हणात घेऊन धुते. सणाला चिंचेनं घासते. चिंच वेरिबीच्या इंडियन दुकानात मिळते, विटेसारखी दाबलेली. माझ्याकडं चार टाक होते. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले घरचे देव. तीन सासरचे, ज्योतिबा, अंबाबाई आणि खंडोबा. चौथी देवी माझ्या आईकडनं आलेली. ती गोल होती, जाड होती आणि तिला तोंड नव्हतं. आईनं घासलं, मग मी घासलं, त्यात तोंड गेलं. नाक तर मी परकर नेसायची तेव्हाच गेलं होतं. कडेला एक कणीस तेवढं बोटाला लागायचं, आणि पाठीवर पाखराचा पंख.

हे मी बोलते तसं सून लिहून घेते. मला लिहायला बसवलं तर दिवाळी उजाडेल.

आई माझी कोल्हापूरजवळच्या खेड्यातली. लढाईच्या काळात तिकडं पोलंडची माणसं आणून ठेवली होती. बायका आणि पोरं जास्त, गडी थोडे. वळिवड्याला त्यांच्या चाळीच चाळी होत्या. आई तेव्हा नवी नवरी, डोक्यावर केळ्यांची पाटी घेऊन तिकडं विकायला जायची. सांगायची, "गोऱ्या बाया गं, पर टाचा आमच्यावानीच फुटल्याल्या."

एकदा घरात लग्न निघालं म्हणून ती टाक उजळायला सोनाराकडं घेऊन गेली. कार्याच्या आधी देव सोनाराकडनं उजळून आणायचे, ही आमच्याकडची रीत. सोनाराच्या पुढ्यात वितळवायच्या चांदीचा ढीग पडला होता. मोडके वाळे, तुटके पैंजण, आणि त्यात हे नाणं. आईला अक्षरओळख नव्हती. तिनं चित्र बघितलं. डोईवर पदर घेतल्यासारखी बाई, मागं धान्याची कणसं.

"आवं दादा, ही देवी हाय. हिला मुशीत घालताय व्हय?"

"कसली देवी? पोलंडच्या एका बाईनं इकल्याला रुपाया हाय त्यो. पाठीवर पाखरू बघ की."

"पाखरू असंना. लक्षुमीला घुबाड न्हाई?"

सोनार हसला म्हणे. आईनं खाली बसून पायातली जोडवी काढली आणि त्याच्या तराजूत टाकली. सवाष्णीनं जोडवी मोडली म्हणून सासूनं त्या दिवशी तिला भाकरी दिली नाही. पण देवी देव्हाऱ्यात बसली ती बसलीच.

पुढं माझे भाऊ वेगळे झाले, देव वाटले गेले. वहिनी म्हणाल्या, ही कुळातली न्हवं, आम्हांला नको. आईनं ती माझ्या पदरात टाकली. म्हणाली, "मी तरी कुठं कुळातली हाय? परक्या घरनंच आले की. ही माझी, म्हणून तुझी."

माझा नवरा गेला तेव्हा मुलगा नुकता चालायला लागला होता. मी गुऱ्हाळावर कामाला लागले. उसाचा रस काढून उरलेली चिपाडं चुलवाणात सारायची, वर काहिलीत गूळ शिजायचा. त्या धगीनं माझ्या भुवया जळाल्या, त्या परत आल्याच नाहीत. लोक हळहळायचे. मला हळहळून घ्यायला सवड नव्हती. ओली चिपाडं आली की ती पेटेपर्यंत फुंकत बसावं लागायचं, आणि पोरगं तिथंच पोत्यावर झोपायचं.

घरातलं एकेक गेलं. बोरमाळ गेली, हंडा गेला. मुलाच्या कॉलेजाच्या वेळी काहीच राहिलं नाही, तेव्हा मी देवीला पदरात बांधून सोनाराकडं गेले. त्यानं दगडावर घासून बघितलं आणि परत दिली. "मावशी, हिच्यात हीण हाय. निम्म्या मोलानंबी कोण घ्यायचं न्हाई." मला रडू यायला पाहिजे होतं. मी वाटभर हसत आले. हीण होतं म्हणून देवी वाचली. कॉलेजाचं मग दुसरीकडनं जमलं, दोन गुऱ्हाळांवर राबले. पण त्या दिवसापासून ती माझी झाली. देवाशी बोलतात तसं मी तिच्याशी बोलत नव्हते. बरोबरच्या बाईशी बोलतात तसं बोलायचे.

आता इकडचं सांगते.

शेजारच्या घरात एक गोरी म्हातारी लेकीकडं राहायची. नव्वदीला टेकलेली, पाठीत वाकलेली, डोळे मात्र घारीसारखे. ऊन असलं की दारात खुर्ची टाकून बसायची. आम्ही हात हलवायचो, बस्स. मला इंग्रजी येत नाही, तिचं मला कळत नाही.

एकदा मी लाल झाकणाचा कचऱ्याचा बिन रस्त्यावर लोटत होते. वारं असं सुटलेलं की पदर डोक्यावरनं उडून तोंडावर आला. तेवढ्यात मागनं आवाज आला, "ए बाई! लौकर, लौकर!"

माझ्या हातनं बिन सुटला. तो उतारानं गेला आणि म्हातारीच्या लेकीच्या गाडीवर जाऊन थडकला. म्हातारी टाळ्या वाजवायला लागली. आवाज ऐकून सून घरातनं पळत आली. ती दिवसभर घरूनच काम करते, कानात ते फोनवर बोलायचं यंत्र तसंच. दोघींचं इंग्रजीत लांबलचक बोलणं झालं. मी गाडीला पोचा आलाय का ते बघत उभी.

"अहो आई," सून म्हणाली, "या पोलंडच्या आहेत. लहानपणी कोल्हापूरला होत्या, कॅम्पमध्ये! एवढेच शब्द आठवतात म्हणतात. आणि त्या कलेक्टर आहेत."

मी पटकन पदर सारखा केला. "कलेक्टर? आणि अशा एकट्या दारात बसतात? शिपाई कुठाय?"

सून रस्त्यातच पोट धरून हसायला लागली. "तसला कलेक्टर नाही हो! नाणी जमवतात त्या. त्यांच्या देशातली. जुनी, चांदीची."

"नाणी तर सगळेच जमवतात. त्यात काय?"

"खर्चायला नाही. नुसती ठेवायला."

तेव्हापासून मी तिला कलेक्टरबाईच म्हणायला लागले. सुनेनं त्याचा अर्थ तिला सांगितला, तर ती खुर्चीत ताठ बसून मला सलाम ठोकायची.

शनिवारी तिनं आम्हांला चहाला बोलावलं. बिनदुधाचा चहा, वर लिंबाची चकती. मी मुकाट्यानं प्याले. मग तिनं जाड वह्यांसारखे अल्बम काढले. प्रत्येक पानावर पारदर्शक खण, प्रत्येक खणात एक नाणं. हातात पांढरे मोजे चढवले, भिंग घेतलं, आणि एकेक राजा मला दाखवायला लागली. मिशाळ राजे, गळ्यात झालर, डोक्यावर मुकुट. काही तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचे, सून सांगत होती. एक मोठं चपटं नाणं होतं, तसली जगात मोजकीच उरलीत म्हणे. त्याच्यासाठी कलेक्टरबाईनं नवऱ्याबरोबर किती गावं पालथी घातली. मेलबर्नमध्ये हॉल घेऊन नाण्यांचा बाजार भरतो, तिथं दार उघडायच्या आधी जाऊन थंडीत उभं राहायचं. ते नाणं एकदा समोर आलं आणि दुसऱ्यानं उचललं. त्याच्याकडनं सोडवून घ्यायला कितीतरी वर्षं गेली. हे सांगताना ती अजून चिडलेली होती.

एक नाणं पार काळं पडलं होतं. ते तिनं खणातनं काढून मोज्यावर धरलं, आणि मला वाटलं, म्हातारीला होत नसेल. मी आपला पदराचा शेव घेतला आणि पुसायला हात पुढं केला.

"नो! नो, बाई!" तिनं माझं मनगटच धरलं. त्या वयात एवढा जोर!

सून पण घाबरली. "आई, घासायचं नाही! घासलं की नाणं वाया गेलं. तो काळेपणाच त्यांना हवा असतो. वर एक रेघोटी उठली तरी किंमत जाते."

मी हात मांडीवर ठेवला. आमच्यात देव काळे पडले तर म्हणतात बाईचं लक्ष नाही. यांच्यात उजळ दिसले तर म्हणतात अक्कल नाही. दोन्हीकडं चांदी तीच.

मग तिनं पान उलटलं, आणि तिथं माझी देवी बसली होती.

तीच. कडेचं कणीस त्याच जागी. पण हिला तोंड होतं. सरळ नाक, जरा पुढं आलेली हनुवटी, डोईवर फडकं, फडक्यापाशी फुलं. मान वळवून कुठं तरी लांब बघत होती. मी वाकून बघतच राहिले. एवढी वर्षं जिच्याशी बोलले, तिला नाक होतं हे मला या वयात कळलं.

मी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

कलेक्टरबाई त्या पानावर बोट ठेवून सांगायला लागली. मधेमधे म्हणायची, "मामा, मामा." मला वाटलं हिच्या मामाची गोष्ट आहे. सून म्हणाली, "त्यांच्यात आईला मामा म्हणतात." तर तिच्या आईची गोष्ट. सैनिकांनी त्यांना घरातनं काढलं, आगगाडीत कोंबून रशियाच्या बर्फात नेलं. निघताना आईनं अशी नाणी कोटाच्या दुमडीत शिवली. बर्फात धाकटा भाऊ गेला, पण नाणी काढली नाहीत. तिथनं सुटून इराण, मग बोट, मग कोल्हापूर. तिथं आईला ताप यायला लागला, पोरांना बूट नव्हते. मग ती एकेक नाणं उसवून बाजारात सोनाराला देऊन यायची. ही पोरगी बरोबर असायची. सोनार तिच्या डोळ्यांदेखत नाणं मुशीत टाकायचा आणि त्यावरच्या बाईचं तोंड वितळताना दिसायचं. पुढं ते आफ्रिकेत गेले, तिथनं हितं आले. आई गेल्यावर हिनं तसली नाणी शोधायला सुरुवात केली. आधी आईची, मग सवय लागली तशी राजांची.

"पण यातलं एकही त्या वाटेनं आलेलं नाही," सून सांगत होती. "सगळी बाजारातनं घेतलेली. आईच्या दुमडीतलं एक जरी हातात आलं असतं तर बाकीचे अल्बम देऊन टाकले असते, म्हणतात. पण ती सगळी वितळली."

दारातनं निघताना तिच्या लेकीनं सांगितलं, महिना-दोन महिन्यांत आई नर्सिंग होममध्ये जाणार. लेक कामावर असताना म्हातारी दोनदा पडली होती. तिथं एवढे अल्बम ठेवता यायचे नाहीत, एक व्यापारी येऊन घेऊन जाणार.

रात्री जेवताना मी घरात सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, ते कॉइन आहे हे मला लहानपणापासूनच वाटायचं."

"मग बोलला का नाहीस?"

"मार खायचा होता का?" मग म्हणाला, "देऊन टाक ना त्यांना."

सून त्याच्यावर उखडली. "अरे, देऊन टाक काय? देव आहे तो आईंचा. तू तुझा लॅपटॉप दे देऊन."

खोटं कशाला सांगू, मला द्यायची नव्हती. माझ्या आईची दुसरी वस्तू माझ्याकडं नाही. फोटो नाही, लुगडं नाही. तिची जोडवी त्या नाण्यात होती. आणि हे नाणं कलेक्टरबाईच्या आईचंच कशावरनं? चाळीत बायका किती, नाणी किती. माझ्याकडं पुरावा नाही. असलाच तर तो आम्ही दोघी मायलेकींनी चिंचेनं घासून टाकलेला.

त्यात टाक दुसऱ्याच्या घरात देत नाहीत. लई झिजला तर नदीत सोडतात, नाहीतर सोनाराकडं देऊन नव्यात घालतात. परक्याच्या हातात देव देणं म्हणजे घर उघडं टाकणं.

पुढचे कितीतरी दिवस मी देव धुताना तिला शेवटी धुवायची. हात तिच्यापाशी यायलाच नको म्हणायचा. खिडकीतनं शेजारची खुर्ची दिसायची. कधी म्हातारी बसलेली असायची, कधी नुसती खुर्ची. ती हात हलवायची, मी हलवायची. मला तोंड दाखवायला जड जायला लागलं. तिला माहिती नव्हतं की भिंतीपलीकडं, तेलाच्या डब्यांखाली, काय आहे. मला माहिती होतं.

एका सकाळी शेजारी खोकी बांधलेली दिसली. मी देवीला हातात घेतलं आणि तिच्या नसलेल्या तोंडाकडं बघितलं. म्हटलं, बाई गं, तू आमच्यात आलीस ती सासरी आल्यावानी. कोणी विचारलं नाही तुला, कुठली, कोणाची. आम्ही आपलं कुंकू लावलं आणि कामाला जुंपलं. माहेरचं माणूस भिंतीपलीकडं आलंय आणि मी तुला कोंडून ठेवलीय.

माहेरी जाणाऱ्या बाईला कोण अडवतं? आणि अडवलं तर त्या घराला काय म्हणतात, ते मला सांगायला नको.

मी वाटीत तांदूळ घेतले, सुनेचा कोरा खण काढला, हळदकुंकू, खोबऱ्याची वाटी. देवीची ओटी भरली. सून दारात येऊन उभी राहिली, कानातलं यंत्र काढून ठेवलं आणि चप्पल घातली.

कलेक्टरबाई खोक्यांच्या मधे बसली होती. मी ओटी तिच्या मांडीवर ठेवली. तांदळातनं तिनं नाणं उचललं, मोजे न घालता. भिंग लावलं. समोरची बाजू बघितली, तोंड नाही. कडेला चाचपलं. बोट कणसावर आलं आणि थांबलं. मग नाणं उलटून पंखावर. सुनेनं तिला सगळं सांगितलं, केळ्यांची पाटी, सोनार, जोडवी. गुऱ्हाळाचं पण सांगत होती, मी म्हटलं ते राहू दे.

तिनं नाणं मुठीत घट्ट धरलं. मग एकदम हसायला लागली, डोळ्यांतनं पाणी आणि तोंडानं हसू. सुनेला काहीतरी म्हणाली.

"म्हणतात, आयुष्यात एवढं खराब केलेलं नाणं बघितलं नाही. कलेक्टर याला हात लावणार नाही."

"तिला सांग, आमच्या घरात रोज आंघोळ असते."

ते ऐकून ती आणखी हसली. मग थांबली. मुठीत नाणं धरून दुसऱ्या हातानं तिनं पायापाशी मोकळा पडलेला अल्बम ओढला, ते पान काढलं, खणातनं ती नाकवाली देवी बाहेर काढली आणि माझ्या वाटीत टाकली. तांदळात पडली ती, उघडी.

"वॉश," मला म्हणाली. दोन बोटांनी घासून दाखवलं. "वॉश, बाई."

सून चपापली. "आई, हे त्यांनी कधी कोणाला घासू..."

"कळलं मला," मी म्हटलं.

ते नाणं तिच्या आईचं होतं का? असेल, नसेल. तिनं पण विचारलं नाही. अल्बम व्यापाऱ्यानं नेले. ती आता वेरिबीच्या नर्सिंग होममध्ये आहे. मुलगा मला रविवारी सोडतो, आम्ही दोघी खिडकीपाशी बसतो, बोलायला शब्द तेच दोन-चार. ती पोरीसारखी नाणं मुठीत ठेवते आणि अंगठा फिरवत असते. नर्सांनी काढून डब्यात ठेवलं तर ओरडते. परवा बघितलं, कणीस पण आता सपाट व्हायला लागलंय.

माझी नवी देवी पॅन्ट्रीत आहे, अंबाबाईच्या शेजारी. अजून माझ्याशी मोकळी झाली नाही. मान वळवून लांब कुठं तरी बघते, नवी सून बघते तसं. मी पण तिला घाई करत नाही. दिवाळीला पहिल्यांदा चिंच लावली तेव्हा माझाच हात अडखळला, त्या म्हातारीनं मनगट धरलं होतं ते आठवलं. मग लावली.

नात शेजारी उभी होती. तिनं बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "आज्जी, हर नोज इज सो शार्प."

"व्हय," मी म्हटलं, "ते घालवायला माझी एकटीची वर्षं पुरायची नाहीत. तू हात धू आणि हिकडं ये."